चटईवरची साक्ष

"तूं तिच्याशेजारीं भुईवर बैस. तुम्हां लोकांस सवय असते."

सर हे मराठीत बोलले. चेन्नईतल्या अड्यारच्या त्या गारढोण हॉलमध्ये मराठी कळणारे आम्ही दोघंच. त्यांचं घराणं तंजावरचं, बोली जुनी. मी नांदेडची, रेल्वेतल्या गँगमनची पोरगी. पहिल्याच भेटीत त्यांनी आडनाव विचारलं आणि 'तुम्ही लोक' तेव्हापासून सुरू झालं. युद्धकाळातल्या मानवी हक्कांच्या कायद्यावर मी पीएच.डी. करते, ती त्यांच्या हाताखाली. साक्षी मी गोळा करायच्या, सिद्धांत त्यांनी मांडायचा. "विचार करणें तुझें काम नव्हे," म्हणायचे. मी मान डोलवायची. सही त्यांच्या हातात ना!

त्या दिवशी परदेशी पाहुणे आले होते. स्टेजवर खुर्च्या आणि मधोमध एक चटई. छावणीसारखं दिसायला हवं म्हणे! चटईवर अक्काला बसवलं होतं. श्रीलंकेतल्या युद्धातून जीव घेऊन पळालेली बाई, चेन्नईबाहेरच्या निर्वासित छावणीत राहते. तिचं नाव मी सांगणार नाही. तिचा भाऊ अजून तिकडेच आहे. इथला शब्द तिथे पोचला तर त्याला उचलतील.

कोठडीत सैनिकांनी तिचं काय केलं, ते तिने मला एकटीला सांगितलं होतं. तिच्या खोपटात, दार लावून; मी ते माझ्या फोनवर रेकॉर्ड केलं होतं. आमच्या कामाची एक रीत आहे. साक्ष देणारी कधीही थांबू शकते, दिलेली साक्ष परतही घेऊ शकते. परत घेतली की तिच्यासमोर पुसून टाकायची. का म्हणून विचारायचं नाही. हा शब्द मी अक्काला दिला होता. इथे मात्र सरांनी तिला "चारदोन बायांशी बोलायचंय" एवढंच सांगून आणलं होतं.

मी चटईवर बसले. समोर मोबाइल वर झाले. अक्काने पदर तोंडावर ओढला. सर माइकवरून गोड तमिळमध्ये म्हणाले, "घाबरू नकोस अम्मा, कोठडीतलं सांग."  ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "वेण्डाम, तंगच्ची." नको गं, बहिणी.

सर माइक बाजूला करून माझ्या कानाशी वाकले. "तीस बोलती कर. नाहींतर तुझा प्रबंध माझ्या टेबलावरच कुजेल."

आई गं!  धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बाप दिसला, गावभर 'पोरगी डॉक्टर होणार' सांगत सुटलेला.  वाटलं, सांगावं तिला, बोल बाई एकदाची.

तेवढ्यात चटईचा कोपरा दुमडलेला सरांना दिसला. फोटो नीट यायला हवा. त्यांनी तो बुटाने सरळ केला. बूट अक्काच्या पायाला घासला. तिने पाय आखडून घेतला. त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

युद्धातल्या कैद्याला लोकांच्या तमाशाला उभं करू नये, असा कायदा आहे. सर तो दरवर्षी शिकवतात.

मी उठले.  त्यांच्या हातातला माइक घेतला. "साक्षीदाराने संमती मागे घेतली आहे. कार्यक्रम संपला." आवाज चिरकलाच.  अक्काचा हात धरून मी बाहेर पडले.

फाटकाशी ती म्हणाली, "खोपटातलं ते पण पुसतेस?"

माझ्या प्रबंधातलं सगळ्यात मोठं प्रकरण त्या आवाजावर उभं होतं. ती बघत असताना मी तो पुसला. ती रडली. मीही रडले.

उद्या सकाळी सरांनी रेकॉर्डिंग घेऊन बोलावलंय. भीती वाटते.  अक्काची गोष्ट चुकून कुणाच्या तरी कानावर जाईल म्हणून घरी फोनसुद्धा केला नाही. तरी जाणार. पुसलं म्हणून तोंडावर सांगणार. आणि प्रबंधातली ती मोकळी पानं मोकळी ठेवणार नाही. तिथे लिहिणार, की साक्षीदाराने साक्ष परत घेतली. कुठल्या हॉलमध्ये, कुणामुळे, तेही लिहिणार. अक्काचं नाव तिथे नसेल. सरांचं असेल.