मीच बसवून आणलं, साहेब

शाळेत सकाळचा परिपाठ चालू होता. मुलं प्रतिज्ञा म्हणत होती आणि माझा फोन वाजला. फोन सुगतचा, माझ्या धाकट्या भावाचा. तो त्या वेळी कधीच फोन करत नसे, कारण ती त्याच्या आंघोळीची वेळ. बाबा त्याला अंथरुणातच पुसून काढत. मी उचलला तर म्हणाला, "ताई, बाबा पडला. उठून नाई राह्यला." मी विचारलं, "जवळ कोणी आहे का?" तो म्हणाला, "मी आहे ना," आणि मग त्याला रडू फुटलं.

बाबा त्याच्या बिछान्यापासून तीन हातांवर पडले होते. हातातली बादली कलंडली होती आणि कोमट पाणी पार बिछान्याखाली गेलं होतं. सुगतला हे सगळं दिसत होतं. नऊ वर्षांपासून त्याच्या कमरेखालचं अंग त्याचं राहिलेलं नाही. त्याने हाका मारल्या, पण धानाच्या कापणीचे दिवस, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मग त्याने फोन लावला तो मला, धानोऱ्याला, म्हणजे त्याच्यापासून सगळ्यात लांब असलेल्या माणसाला. मी शेजाऱ्यांना फोन करून निघाले, गडचिरोलीत गाडी बदलली, ब्रह्मपुरीत पुन्हा बदलली आणि आमच्या गावी पोचले तेव्हा दुपार कलली होती. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका रडत होत्या, पुरुष तिरडीचं सामान आणायला निघाले होते, आणि सुगत सकाळी ज्या कुशीवर होता त्याच कुशीवर पडलेला होता. चाळीस माणसांपैकी एकालाही सुचलं नव्हतं की याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. मी चादर वर केली. डाव्या खुब्यावर तळहाताएवढा लाल डाग उमटला होता. असा डाग चिघळला तर माणूस त्यानेच जातो. नऊ वर्षांत बाबांनी जो डाग पडू दिला नव्हता, तो त्यांच्या मयतीच्या दिवशी, त्यांच्यासाठी रडायला आलेल्यांच्या गर्दीत पडला. मी तेव्हा काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. लोक म्हणाले, पोरगी बापाच्या दुःखाने भ्रमली.

माझे बाबा, मारोती नाव त्यांचं, दोन एकर धानाचे शेतकरी. आई आम्ही शाळेत असतानाच गेली. मला त्यांनी शिकवलं, मी शिक्षिका झाले. सुगतला शिक्षणात रस नव्हता, पण अंगात रग होती. नऊ वर्षांपूर्वी मे महिन्यात मी सुटीवर घरी आले होते. पावसाळ्याआधी आमच्याकडे छपरावरचे कवेलू फेरावे लागतात. माकडं वर्षभर नाचून फोडून ठेवतात, ते काढून नवे बसवायचे. सुगत वर चढला होता. मी खालून कवेलू देत होते. एक बांबू आतून किडलेला होता... सुगत पाठीवर पडला, खाली ठेवलेल्या कवेलूंच्या ढिगावर. ओरडला नाही. "पाय कुठी आहेत माहे?" एवढंच विचारलं आणि बेशुद्ध पडला.

रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेलेली होती. बाबांनी अंगणातली बाज ओढली. म्हणाले, "याले बसवू नका. झोपवूनच नेऊ. बाज उचला, सडकेवर मेटाडोर भेटंल." चार जणांनी बाजेच्या पायांना हातसुद्धा घातला होता. अडलेली बाळंतीण, साप चावलेला माणूस, जुन्या काळी सगळे असेच बाजेवर निजवून नेत. मला त्या बाजेची लाज वाटली. खरं तेच लिहिते. मी शिकलेली, पगारदार, गावात माझ्या शब्दाला वजन. मी म्हटलं, "बाबा, कोणता जमाना आहे? दारात गाडी उभी आहे अन् बाजेवर काय नेता?" बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बाजेवरचा हात काढला. पोरगी शिकली आहे, तिला कळत असेल! शेजाऱ्याने मोटरसायकल काढली. मध्ये सुगतला बसवला, मागे मी बसले आणि माझ्या ओढणीने त्याला माझ्या अंगाशी बांधला. खड्ड्याखड्ड्यांतून पाऊण तास त्याची मान माझ्या खांद्यावर हिंदकळत होती.

मोठ्या दवाखान्यात एक्स-रेचा फोटो पाहून डॉक्टर बाहेर आले. सगळ्या वऱ्हांड्यासमोर त्यांनी आवाज चढवला, "कोणत्या शहाण्याने याला बसवून आणलं? मणका मोडलेल्या माणसाला बसवतात का?" मी तोंड उघडलं होतं. देवाशप्पथ नाही म्हणत, आमच्या घरी ती रीत नाही, पण मी उघडलं होतं. तेवढ्यात मागून दुसऱ्या गाडीवर आलेले बाबा पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, "मीच बसवून आणलं, साहेब." डॉक्टर त्यांना 'अडाणी' म्हणाले. बाबांनी मान हलवली. मी तोंड मिटलं.

पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांना मी एकटीने जाऊन विचारलं. ते म्हणाले, मणका पडतानाच पुरता गेला असेल किंवा वाटेत गेला असेल, आता कोणीच सांगू शकत नाही. या उत्तराने मला झोप लागेल असं वाटलं होतं. लागली नाही.

मग सुरू झाली बाबांची नऊ वर्षं. रोवणीच्या दिवसांत चिखलाने भरलेल्या पायांनी ते धानाच्या बांधीतून घरी पळत येत, हात धुऊन सुगतची कूस बदलत आणि पुन्हा पळत जात. हातात घड्याळ नव्हतं. शाळेची घंटा, ब्रह्मपुरीची गाडी, पाण्याची मोटर, यांवर त्यांचं गणित चाले. सावरीचा कापूस वेचून त्यांनी लहान लहान उशा शिवल्या होत्या, टाचेखालची वेगळी, गुडघ्यांमधली वेगळी. दाढीचा आरसा घेऊन ते त्याची पाठ इंच इंच बघत. लघवीची नळी, पोट साफ करणं, सगळं तेच. गावातले पुरुष हसत, "मारोतभाऊ, बाप्या माणूस असून बाईचे कामं करता." बाबा म्हणत, "बाईनं केलं तं का हात सडतात का?" अपंगत्वाच्या दाखल्यासाठी एका कार्यालयाने सांगितलं, माणूस प्रत्यक्ष समोर पाहिजे. कार्यालय वरच्या मजल्यावर. बाबांनी त्याला पाठीवर घेऊन जिना चढला. वरचे साहेब जेवायला गेले होते. अपंगांना दाखला देणारं कार्यालय वरच्या मजल्यावर ठेवणाऱ्या डोक्याची मला आजही पूजा करावीशी वाटते, चपलेने.

मी महिन्या-दोन महिन्यांनी जायची. हवेची गादी नेली, औषधं नेली. पण सुगतला हात लावू लागले की बाबा म्हणत, "तू राहू दे. तुले शाळा आहे. हे माहं काम आहे." मी राहू देत होते. मला सुटल्यासारखं वाटायचं, हे लिहिताना हात थांबतो, पण वाटायचं.

चौथ्या का पाचव्या वर्षी सुगतने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. पाठीला मार लागलेल्या माणसाला कसं सरळ ठेवून फळीवर उचलायचं, असा. त्या दिवशी त्याला ते कळलं जे डॉक्टरांनी वऱ्हांड्यात सांगितलं होतं. पडल्यानंतरचं त्याला स्वतःला काही आठवत नव्हतं, आणि दवाखान्यातला तो किस्सा गावभर झाला होता; अंगणात काय झालं ते मात्र तिथे असलेल्यांनी बाबांच्या शब्दाखातर कधी काढलं नव्हतं. बाबा त्याचे पाय चोळत होते आणि मी शेजारी वांगी चिरत होते. तो म्हणाला, "बाजेवर नेलं असतं तं आज मी पायावर असतो. बसवून काऊन नेलं तुनं मले? तुनंच मले मारलं." बाबा चोळायचे थांबले नाहीत. म्हणाले, "चुकलं माहं." नंतर सुगत हे वाक्य वरचेवर बोलू लागला. भाजी खारट झाली तरी तेच, लाइट गेली तरी तेच. बाबा जवळ आले की तो तोंड भिंतीकडे करायचा.

मी बाबांना हातपंपाजवळ गाठलं. म्हटलं, "मी सांगते त्याले. बाजेवर नेऊन राह्यला होता तू. मीच नाई म्हटलं." बाबांनी बादली खाली ठेवली. "सांगू नको," म्हणाले. "माह्या मागं त्याले कोण आहे? तूच ना? तुह्यावर राग धरला तं तुह्या हातानं पाणी तरी पिईल का तो? माह्यावर धरू दे. मी कुठी जातो?"

माझा सगळ्यात जास्त राग यावर आहे. डॉक्टरांवर नाही, कार्यालयावर नाही, बाबांवर! तुम्ही 'मी कुठी जातो' म्हणालात आणि गेलात. माझी चूक माझ्याकडून न विचारता काढून घेतलीत, सुगतचा राग स्वतःवर लावून घेतलात, आणि मला नऊ वर्षं चांगली मुलगी, चांगली ताई करून ठेवलंत. कोणी सांगितलं होतं? मला एकदा त्याच्या शिव्या खाऊ दिल्या असत्या तर मी निदान त्याची कूस बदलायला शिकले असते. पण रागाचं एक टोक माझ्याकडेही वळतं हे मला कळतं. तुम्ही सांगू नको म्हणालात, हे खरं. पण मी तेव्हा सुटकेचा श्वास सोडला होता, हेही तेवढंच खरं.

काही दिवसांनी बाबांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे स्मरणाच्या कार्यक्रमाला, मांडव घातला. तोवर मी हाक मारली की शेजारी येऊन सुगतची कूस बदलून देत होते. बुद्धवंदना झाली, मग भाषणं. एका पुढाऱ्याने बाबांना 'उलटा श्रावणबाळ' म्हटलं, लेकाची कावड वाहणारा बाप. टाळ्या पडता पडता राहिल्या. या माणसाचं घर आमच्यापासून सहावं. नऊ वर्षांत तो एकदाही उंबरा ओलांडून आत आला नव्हता. दुसरा म्हणाला, त्याग असावा तर असा. तुम्ही आळीपाळीने एकेक तास दिला असता तर एवढ्या त्यागाची गरजच पडली नसती, असं मला उठून म्हणायचं होतं. मी बसून राहिले. बसून राहण्याची मला सवय आहे.

लोक जेवून गेले. मी आत गेले तर सुगत शांत दिसला. म्हणाला, "ताई, आज मी बाबाले माफ केलं. अडाणी होता, त्याले का समजत होतं?"

माफ केलं! बाबांनी गप्प राहून आयुष्य काढलं त्याची ही पावती? माझ्याने राहवेना. मी म्हटलं, "बाबा बाजेवरच नेऊन राह्यला होता. चार जणांनी बाज धरली होती. मी नाई म्हटलं. गाडीवर मी बसवलं तुले. माह्या ओढणीनं बांधलं."

तो वर छपराकडे पाहू लागला. मग म्हणाला, "आन् बाबा?"

"त्यानं आपल्यावर घेतलं."

"मी त्याले का का बोलत होतो, तुले मालूम होतं?"

"हाव."

"आन् तू ऐकत होती."

"हाव."

"निघ इथून," तो म्हणाला. "हात नको लावू मले."

मी ओसरीत येऊन बसले. दोन तास झाले. आत गेले तर त्याने भिंतीकडे तोंड केलेलं होतं. शेजाऱ्यांना बोलावते म्हटलं, तर त्याने हातानेच नको म्हटलं. आणखी एक तास गेला. त्या खुब्यावरचा डाग नुकताच फिका पडू लागला होता, आणि तो त्यावरच पडून होता, मुद्दाम. मी उंबऱ्यावर उभी राहत होते, परत फिरत होते. बाबा म्हणाले होते तसंच झालं होतं. माझ्या हातचं पाणीही तो पिणार नव्हता, आणि बाबा आता नव्हते. त्या घरात मला पहिल्यांदा भीती वाटली ती तेव्हा.

ऊन अंगणातून निघून गेल्यावर आतून आवाज आला. ताई म्हणून हाक नव्हती. "वेळ झाली," एवढंच.

मी भांडी घासत होते. हात धुतले आणि आत गेले. तो भिंतीकडेच पाहत होता. बाबांना मी शेकडो वेळा पाहिलं होतं, तशी एक गुडघा टेकून बसले आणि त्याच्या खुब्याखाली हात घातले.

"हात गरम कर पहिले," तो म्हणाला. "बाबा करे."

कमरेखाली त्याला थंड-गरम काही कळत नाही. सुई टोचली तरी कळत नाही. हे त्याला माहीत आहे, मला माहीत आहे, बाबांनाही माहीत होतं. मी हात बाहेर काढले आणि तळव्यावर तळवा घासू लागले. थोड्या वेळाने पुन्हा खुब्याकडे हात नेले.

"अजून," तो भिंतीला म्हणाला. "बाबा लय वेळ घासे."

मी घासत राहिले.