नकाशा सोडून देणारा हेर

आमच्या दाजींनी आयुष्यात खरी म्हणावी अशी एकच गोष्ट सांगितली, आणि नेमक्या तिच्यावरच अख्ख्या लातूरनं विश्वास ठेवला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. निजामाचं राज्य होतं तेव्हा गंजात, म्हणजे धान्याच्या पेठेत, त्यांचं धान्याचं आणि कडब्याचं दुकान होतं. पण माल घ्यायला येणाऱ्यांपेक्षा थापा ऐकायला येणारेच जास्त. बालाघाटाच्या जंगलात वाघानं त्यांना बघून वाट बदलली होती, उदगीरच्या आखाड्यातून एक नामांकित पैलवान त्यांच्या पाया पडून निघून गेला होता, आणि चिखलात रुतलेली एका नवाबाची मोटार त्यांनी एकट्यानं, ती पण उपाशीपोटी, वर काढली होती. सांगताना चेहरा असा गंभीर, की हसणाऱ्यालाच लाज वाटावी. आक्का आतून म्हणायची, "वाघ बिचारा सांगायला येत न्हाई, म्हणून तुमचं चाललंय."

आम्हा लिंगायतांत इष्टलिंग सगळ्यांच्याच गळ्यात असतं. ते जन्मभर अंगावेगळं करायचं नाही आणि जमिनीवर पडू द्यायचं नाही. पण दाजींच्या लिंगाची चांदीची डबी त्यांच्या पणजोबांची, चांगली कवठाएवढी. दुकानात तराजूवर वाकले की त्यांच्या आधी तीच पारड्यात उतरायची आणि गिऱ्हाईक ओरडायचं, "दाजी, आधी महादेवाला वर घ्या, मग ज्वारी मापा!" त्यामुळे त्यांना एक सवयच जडली होती. वाकताना, पळताना, बैलगाडीतून उतरताना डावा हात आपोआप छातीशी जायचा. लग्नाच्या पंगतीत वाढायला निघाले तरी उजव्या हातात बुंदीचं ताट आणि डावा हात छातीवर. गावात तो हात दिसला की चेहरा बघायची कुणाला गरज पडत नसे.

एका उन्हाळ्यात मुंबईची एक बोलपट कंपनी औशाच्या किल्ल्यात येऊन उतरली. बोलपट हेराचा होता. एका राजाचा हेर वेष पालटून शत्रूच्या किल्ल्यात शिरतो, तोफखान्याचा नकाशा पळवतो आणि बुरुजावरून कडब्याच्या गाडीत उडी मारून निसटतो, अशी गोष्ट. कडबा दाजींच्या दुकानातला. आता निजामाच्या मुलखात, किल्ल्यात, हेर आणि वर नकाशा म्हटल्यावर तिथल्या पोलिसांच्या अमीनसाहेबांची झोपच उडाली. त्यांनी तो खोटा नकाशा उलटासुलटा करून पाहिला, उन्हात धरून पाहिला, आणि शेवटी किल्ल्याचा दरवाजा लावून घेऊन स्वतः बाहेर खुर्ची टाकून बसले. कंपनीची माणसं आणि कडब्याची गाडी हाकणारे दाजी, यांच्याशिवाय गावातलं चिटपाखरू त्यांनी आत जाऊ दिलं नाही. त्यामुळे आत जे घडलं त्याला आमच्याकडचा एकही साक्षीदार उरला नाही.

ते दाजींच्याच तोंडून ऐकायचं. मुंबईचा नायक मोठा रुबाबदार, सकाळपासून आरशासमोर. पण बुरुजावर चढवून खाली बघायला लावलं तेव्हा त्यानं कठड्याला मिठीच मारली. उड्या मारायला म्हणून आणलेला पैलवान आमच्याकडचं ऊन लागून तापानं फणफणत पडलेला. दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसला. तेव्हा गाडीवरून दाजी म्हणाले, "मी मारून देतो की! कडबा माझाच हाय, मला वळखतो." मग त्यांना नायकाचे कपडे चढवले, कपाळावरची विभूती पुसली ("पाठमोराच हाय ना मी? मग पुसताय कशाला?") आणि गळ्यातली डबी काढून ठेवायला सांगितलं. तिथं मात्र दाजी अडले. "जीव काढून ठेव म्हणा, ठेवतो. हे निघायचं न्हाई." दिग्दर्शकानं आधी आरडाओरडा केला, मग हात जोडले, आणि शेवटी ती डबी अंगरख्यात कोंबून वरून बंद आवळले. उजव्या हातात तलवार, डाव्या हातात नकाशा. दाजींनी उडी मारली, पाय मुरगळला, आणि दिग्दर्शक झालं झालं म्हणून नाचायला लागला. "हवेत काय झालं म्हणाल," दाजी सांगत, "तर देवाशप्पथ, काही आठवत न्हाई."

लंगडत घरी आले तेव्हा आक्का म्हणाली, "गाडीवरून पडला असाल." गंजात तर त्या उडीची वाघाशेजारीच नोंद झाली. लोक आपल्या पोरांना म्हणायचे, दाजींसारखी उडी मारू नका रे, मुंबईला पळवून नेतील. दाजींना थट्टेचं कधी वाईट वाटलं नव्हतं, पण या खेपेला वाटलं. त्यात नणंदेच्या घरच्या लग्नात कुणीतरी आक्काला भर मांडवात 'थापाड्याची बायको' म्हणालं, आणि ती न जेवताच परत आली. दाजी तिच्यासमोर जाऊन उभे राहिले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "लिंगाची आण हाय, उडी मीच मारली." वाघासाठी त्यांनी अशी शपथ कधी घेतली नव्हती. आक्का म्हणाली, "तुमचा हात तर कायम तिथंच असतो. त्याची कसली आण?" त्या दिवसापासून दाजी दुकानात फक्त ज्वारीचंच बोलायला लागले. ते मला बघवत नसे.

पुढच्या हिवाळ्यात तो बोलपट लातूरला तंबूत आला. पुरुष पुढे, बायका आडपडद्याच्या पलीकडे, आणि सगळ्यांत पुढे खुर्चीवर बदली होऊन आलेले तेच अमीनसाहेब. अर्धा गंज दाजींची फजिती बघायलाच आला होता. दाजी माझ्या शेजारी ताठ बसले होते. बुरुजाचा प्रसंग आला. हेर कडेला येऊन उभा राहिला, पाठमोरा. नुसत्या पाठीवरून काय कळणार? मागून कुणीतरी मुद्दाम खाकरलं. हेरानं उडी घेतली. हवेत अंगरख्याचे बंद तुटले, आतून ती कवठाएवढी डबी उसळून बाहेर आली, आणि ज्या नकाशासाठी मघापासून मुडद्यांवर मुडदे पडत होते, तो नकाशा त्या हेरानं खुशाल वाऱ्यावर सोडून दिला आणि डावा हात छातीशी नेला.

मग आडपडद्यामागून आक्काचा आवाज आला, "अव्वा! हे तर आमचेच हायत की!" कुणीतरी मुद्दाम विचारलं, "आमचे म्हणजे कोण?" लग्नातल्या उखाण्यानंतर आक्कानं नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. तेव्हा मात्र ती उठून उभी राहिली आणि सगळ्या तंबूला ऐकू जाईल असं तिनं दाजींचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. मी वळून पाहिलं. दाजींचा डावा हात छातीवरच होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मला इतका अभिमान आयुष्यात पुन्हा कशाचा वाटला नाही. तोवर पडद्यावर कडब्यातून मुंबईचा नायक उठला होता, गळा मोकळा, हातात नकाशा. पण त्याच्याकडे कोण बघतो! अमीनसाहेबांनी छडी आपटली, "अरे, फिर से बताव!" आणि बिचाऱ्या ऑपरेटरला ती उडी पुन्हा पुन्हा दाखवावी लागली.

पुढे एक गंमतच झाली. लातूरकरांनी दाजींच्या मागच्या सगळ्या थापाही एकदम खऱ्या धरल्या. वाघाची गोष्ट ऐकायला औशाकडून माणसं यायला लागली, तेव्हा दाजी अवघडून म्हणायचे, "वाघाचं एवढं मनावर घेऊ नका."

दाजी जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. आमच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवूनच माती दिली, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून. कंपनी बुडाली, रिळं कुठं गेली कुणाला ठाऊक नाही. आता ही गोष्ट मी सांगतो, आणि नातवंडं गालातल्या गालात हसतात, आम्ही दाजींना हसायचो अगदी तशीच. परवाही हसली. कोपऱ्यात आक्का बसली होती. तिला आता फारसं ऐकू येत नाही, पण हसू दिसतं. "हसता काय रे?" ती म्हणाली. "उडी कुणी मारली ते सांगू का?" आणि पदर सारखा करून तिनं ते नाव पुन्हा एकदा घेतलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट.