नसीमचा अर्ज

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळसुद्धा नाही. तो खडकीच्या फॅक्टरीतून घरी आला की रोज विचारायचा, ‘आज काय झालं कॅज्युअल्टीत?’ मी सगळं सांगायची – कुणाच्या नाकात चिंचोका अडकला, कोण दारू पिऊन धिंगाणा घालून गेला. हे मात्र नाही. आता तो नाही, आणि मला निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात, तर सांगितलं असतं का? खरं सांगू – नसतं.

पुण्यातल्या एका जुन्या रुग्णालयात मी परिचारिका होते. अपघातातले, भाजलेले, विष घेतलेले – दारात येईल तो माणूस आधी आमच्या हाती यायचा. लोक म्हणायचे, या सिस्टर फार शांत आहेत. शांत होते, की नुसती गप्प होते?

आमच्याकडे एक सक्शन मशीन होतं. बेशुद्ध माणसाला उलटी झाली की ती घशात उतरते, श्वास कोंडतो. अशा वेळी तोंडात नळी घालून घसा मोकळा करायचा, त्यासाठी ते यंत्र. आमचं चालता चालता बंद पडायचं. वर एक थापट मारली की पुन्हा घरघरायचं. कधी थापट मारूनही नाही. पायानं चालवायचं दुसरं होतं, त्याची रबरी नळी चिरलेली. दोनदा मी जिना चढून वरच्या ऑपरेशन थिएटरमधलं मशीन उचलून आणलं. दोन्ही वेळा पेशंट वाचले. पण दुसऱ्या वेळची ती कॉलेजातली मुलगी – तिचे ओठ निळे पडलेले मी पाहिले होते.

त्यानंतर मला जेवण जाईना. नसीमजवळ मी रडले. नसीम कॅज्युअल्टीतलीच दुसरी सिस्टर, माझ्याहून पाच वर्षांनी लहान, कसबा पेठेतली. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. कामात तशीच काटेकोर – इंजेक्शन दिल्याची वेळ मिनिटासकट लिहायची. मी तिला म्हणाले, “एक दिवस कुणीतरी आपल्या डोळ्यांदेखत जाणार गं.”

“मग लिहून देऊ या, ताई.”

सगळं रुग्णालय पुढे त्याला नसीमचा अर्ज म्हणत आलं. नसीमचा नव्हता तो. वाक्यन् वाक्य मी सांगितलं, तिनं फक्त लिहिलं. तिच्या पाळीत मशीन एकदाही बंद पडलं नव्हतं – हे ठाऊक होतं तुम्हाला? कसं असणार! दोघींनाच ठाऊक होतं. तिनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि खाली सही केली. मी म्हणाले, “माझं नाव इन्चार्जच्या जागेसाठी गेलंय. उद्या करते सही.” ती म्हणाली, “बरं, ताई.” दोन दिवस ती थांबली. मग तिनं एकटीच्या सहीनं अर्ज दिला.

रुग्णालयाच्या प्रमुखांनी, मोठ्या डॉक्टरांनी, आम्हा दोघींना बोलावलं. सकाळची वेळ होती, टेबलावर त्यांचा चहा तसाच होता. अर्ज समोर धरून ते नसीमला म्हणाले, “अक्षर सुरेख आहे हो सिस्टर. मजकूर खरा असता, तर फ्रेम करून लावला असता.” मग माझ्याकडे वळले. “तुम्ही जुन्या आहात. मशीन बंद पडतं?”

आता सांगते. मी म्हणाले, “नाही सर. जरा सांभाळून वापरावं लागतं, एवढंच. नवीन मुली घाबरतात.”

नवीन मुली! सहा वर्षं झाली होती तिला.

नसीमनं माझ्याकडे पाहिलं. मी वाट पाहत होते, की आता ती म्हणेल, हे सगळं यांनीच सांगितलंय, विचारा यांना. म्हणाली असती, तर मी काय केलं असतं? तेही नाकारलं असतं. एवढं मी स्वतःला ओळखते. पण ती काहीच बोलली नाही. खोटी तक्रार केली म्हणून तिला मेमो मिळाला आणि तिची बदली ड्रेसिंगच्या खोलीत झाली. मी इन्चार्ज झाले. पहिल्याच आठवड्यात मशीनची दुरुस्ती मला मागता आली असती. मागितली नाही. कशी मागणार? चालतं म्हणून मीच सांगितलं होतं ना.

तीन महिन्यांनी, भर दुपारी, स्वारगेटहून रिक्षातून एका बाईंना आणलं. एसटीतून उतरताना पाय निसटला होता, डोकं आपटलं होतं. धायरीच्या बाजूच्या, शेतकरी घरातल्या. पन्नाशीच्या असतील. नवरा सोबत, हातात त्यांची एक चप्पल. “बाई, ही बोलंना झालीय,” एवढंच तो म्हणत होता. आम्ही त्यांना टेबलावर घेतलं आणि त्यांना मोठी उलटी झाली. कुशीवर वळवलं. डॉक्टर ओरडले, “सक्शन!”

अर्धं मिनिट चाललं. मग घरघर थांबली. मी थापट मारली. पुन्हा मारली. मग धावत सुटले. वर थिएटरमध्ये ऑपरेशन चालू होतं आणि तिथलं मशीन त्या पेशंटला लागलेलं होतं. मी वॉर्डांमधून पळाले – दुसऱ्या मजल्यावर एक सापडलं. ते घेऊन खाली आले तेव्हा डॉक्टर छाती दाबत होते. आम्ही वीस मिनिटं झटलो. बाई गेल्या.

मशीन चाललं असतं तर वाचल्या असत्या? डोक्याचा मार मोठा होता, डॉक्टर तसं म्हणाले. या वाक्याचा आधार मी कितीदा घेतला असेल! मला माहीत नाही, एवढंच खरं. त्यांना ती संधी मिळाली नाही, हे मात्र मला माहीत आहे.

रजिस्टरमध्ये मी लिहिलं – ‘सक्शन दिले.’ संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, “मशीन ठीक होतं ना?” मी म्हणाले, “हो सर.” पंधरा दिवसांत नवं मशीन आलं. कुणी काही विचारलं नाही.

नसीम शेजारच्याच खोलीत होती. माझी पळापळ तिनं ऐकलीच असणार. सगळं संपल्यावर ती आली, मला स्टुलावर बसवलं, हातात पेला दिला. “पाणी प्या, ताई.” पुढच्या वर्षी तिनं नोकरी सोडली. मेमो तिच्या फायलीत तसाच राहिला. कसबा पेठ काही लांब नाही, तिच्या वडिलांचं दुकान मला माहीत होतं. मी कधी गेले नाही.

एक राहिलं. ते मी मुद्दाम मागे ठेवत आले.

त्या बाईंचा नवरा बाहेर बाकावर बसला होता. मी त्याला सांगायला गेले. त्यानं हातातली चप्पल बाकाखाली ठेवली. मग म्हणाला, “बाई, तुमी लई पळालात. म्या बगितलं. सख्खी बहीण बी येवडी पळाली नसती.” आणि माझ्या पाया पडायला वाकला.

मी त्याला खांद्याला धरून उठवलं. म्हणाले, “आमच्या हातात होतं तेवढं आम्ही सगळं केलं.”

त्यानं मान डोलावली. त्याला ते खरं वाटलं.