सबनीसांच्या बॉनेटवरचं अंडं

चंद्रकांत सबनीसांच्या गाडीत बसायचं म्हणजे आधी चपला एकमेकींवर आपटून धूळ झाडायची, मग बूड टेकायचं, आणि दार असं लावायचं की शेजारी निजलेलं तान्हं मूलही जागं होऊ नये. जरा जोरात लागलं की म्हणायचे, "दार आहे ते, तोफ नव्हे."

तेलीबागेतल्या आमच्या कॉलनीत मराठी घरं मोजकीच. नोकरीसाठी लखनौला आलेली आणि निवृत्तीनंतर परत जायचं राहून गेलेली. मी बँकेतला. सबनीस रेल्वेत इंजिनिअर, मूळचे मिरजेचे. निवृत्त माणसाला कोणी काही विचारत नाही. मला नोकरीत असतानाही कोणी विचारत नव्हतं, त्यामुळे जड गेलं नाही. सबनीसांना गेलं. ज्यांच्या सहीवाचून पुलावर गाडी चढत नसे, त्यांच्या हाती सब्जीची पिशवी आली.

पण वर्षातली एक सकाळ त्यांची होती. गणेश चतुर्थीला आमच्या मंडळाची मूर्ती त्यांच्या मरून रंगाच्या गाडीतून यायची. त्यांच्या पत्नी विनीतावहिनी पुढे मूर्ती मांडीवर घेऊन, मी मागे झांजा घेऊन, आणि सबनीस अशा बेतानं हाकत की सायकलरिक्षावाले मागून घंटी मारत. त्या सकाळी सगळी कॉलनी त्यांची वाट बघत उभी असे.

यंदा मंडळाची सेक्रेटरी मंजिरी म्हणाली, "काका, तुमची गाडी आता जुनी झाली. आपल्या कॉलनीतल्या हर्षवर्धननं नवी घेतलीय, पांढरी, मोठी. तिच्यातून आणू या का?"

"माझ्या गाडीत वाईट काय ते दाखव," सबनीस म्हणाले, "मग देऊन टाकतो मान."

मंजिरीला काही दाखवता येईना. "बरं, चतुर्थीच्या आदल्या दिवशी येऊन बघते," म्हणाली.

आणि त्याच आठवड्यात घात झाला. फाटकाला ओला रंग होता म्हणून गाडी बाहेर उभी करून नवरा-बायको ट्रेननं कानपूरला गेले. संध्याकाळी परत येऊन बघतात तर बॉनेटवर अंडीच अंडी. पिवळे ओघळ, चिकटलेली टरफलं, आणि दिवसभराच्या उन्हानं सगळं वाळून कडक केलेलं.

"हे हर्षवर्धनचं काम," मी तिथल्या तिथे निकाल दिला.

"पुरावा काय, भावजी?" विनीतावहिनी म्हणाल्या.

"पुरावा पोलिसांना लागतो, वहिनी. मला अंदाज पुरतो."

तो अंदाज मी पार्कात सांगितला, दूधवाल्याकडे सांगितला. घरी पोचेपर्यंत माझ्या गोष्टीतल्या हर्षवर्धनच्या हातात हातमोजेसुद्धा आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंडीवाला हात जोडून दारात उभा. "साहब, ब्रेकर पे मोपेड फिसल गई, ट्रे आपकी गाड़ी पे पलट गए. हम डर के मारे भाग लिए."

सबनीस त्याला म्हणाले, "चोट तो नहीं लगी?"

बिचाऱ्यानं शिव्यांची तयारी केली होती; तो आपले गुडघे चाचपून बघू लागला. आणि माझी गोष्ट तर एव्हाना पलीकडच्या गल्लीत पोचली होती, परत कशी बोलावणार?

सबनीस कामाला लागले. कोमट पाण्यात फडकं भिजवून बॉनेटवर पसरलं आणि स्टूल टाकून बसले. "घाई नाही करायची. अंडं आपोआप सुटू दे." एवढ्यात मुलीचा फोन आला म्हणून आत गेले. मला दुसऱ्यानं शांत बसलेलं बघवत नाही. देवाची पितळी उपकरणी आपण कशानं घासतो? चिंच आणि रांगोळी! माझ्या आईची समई त्यानं सोन्यासारखी दिसे. मी घरून दोन्ही आणली, वर उकळतं पाणी आणलं. पाणी ओतताच उरलंसुरलं पांढरं इडलीसारखं घट्ट बसलं. मग मी बाह्या सरसावून चिंच-रांगोळीनं घासायला घेतलं. अंडं निघालं हो! अंड्याबरोबर चकाकीही निघाली. पाणी मारून बघतो तर थाळीएवढा भाग पाटीसारखा मंद.

सबनीस बाहेर आले. डागावरून बोट फिरवलं. "चिंच?"

"आणि रांगोळी."

"रांगोळी," ते म्हणाले, रेल्वेच्या चौकशीत साक्षीदाराचं म्हणणं उतरवून घेतात तसं.

"भावजी, गाडी आहे ती," विनीतावहिनी म्हणाल्या, "देव्हारा नव्हे."

सबनीस परत स्टुलावर बसले. समोर बॉनेट होतं, पण त्यांना पांढरी गाडीच दिसत असणार.

संध्याकाळी हर्षवर्धन आला. पोरगा मराठी सगळं समजतो, बोलतो हिंदीत. हातात गाडीचा रंग चमकवायच्या रबिंग कंपाउंडचा डबा आणि मऊ फडकी. "अंकल, सुना है अंडे मैंने फेंके हैं. तो सोचा साफ़ भी मैं ही कर दूँ."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कडुनिंबाकडे बघितलं.

मग दोघं रोज बसू लागले. आधी अगदी बारीक दाण्याचा वॉटर पेपर, पाणी लावून, हलक्या हातानं, मग कंपाउंड, मग पॉलिश. मला फडकी पिळायचं काम दिलं होतं, तेही लांबून. मंदपणा बराच गेला. पण अंड्यानं रंग खाल्लेली एक कड आणि माझ्या हाताचे गोल ओरखडे तिरप्या उन्हात दिसतच राहिले. सबनीस आणखी घासायला निघाले तेव्हा हर्षवर्धननं त्यांचा हात धरला. "बस, अंकल. अब नीचे का रंग निकल आएगा."

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मंजिरी यायची होती. मी सुचवलं, गाडी सावलीत लावा, बॉनेटवर हार टाका. सबनीसांनी उलट गाडी भर उन्हात आणून उभी केली.

"वाईट काय ते दाखव म्हणालो होतो ना? हे बघ. मीच दाखवतो."

मंजिरीनं वाकून बघितलं. मागून हर्षवर्धन म्हणाला, "वैसे मेरी गाड़ी में एसी का पानी टपक रहा है. मूर्ति भीग जाएगी."

"नव्या गाडीत?"

"नई है ना, अभी सीख रही है."

मंजिरीला हसू आवरेना. "ठीक आहे काका, तुम्हीच आणा. पण लोक विचारतील हं, बॉनेटला काय झालं म्हणून."

"विचारू दे की. उत्तर देणारा गाडीतच असेल."

त्याचा अर्थ मला चतुर्थीला कळला. मूर्ती घेऊन परतताना पहिल्याच चौकात पानवाल्यानं हाक मारली, "अरे भाईसाहब, बोनट को क्या हो गया?" सबनीसांनी गाडी कडेला घेतली, चक्क बंद केली, काच खाली केली आणि अंगठा मागे दाखवला. "इनसे पूछिए."

मी सांगितलं. पुढच्या चौकात परत सांगितलं. चहाच्या टपरीपाशी तर चांगली गर्दी जमली, आणि मी चिंचेपर्यंत आलो तेव्हा पुढून विनीतावहिनी म्हणाल्या, "भावजी, आटपा हो, मांडीला रग लागली."

"आटपायचं नाही," आरशातून माझ्याकडे बघत सबनीस म्हणाले. "सविस्तर."