निरोगी माणसं पाहिजेत

कॉलेज सोडून जमाना झाला, पण तिथले किस्से काही मला सोडत नाहीत. टपरीवर कुणी नुसतं शिंकलं तरी एखादा आठवतो.

भूकंपानंतरची वर्षं. लातूरच्या क्लासवाल्यांनी पिळून-पिळून आम्हाला नांदेडच्या एका मेडिकल कॉलेजात पोचवलेलं. तिथल्या सरांना पेपर छापायचा होता : ॲलर्जीची गोळी धडधाकट माणसाला दिली, तर त्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात का? त्यासाठी निरोगी माणसं पाहिजेत. म्हणजे होस्टेलची पोरं. फुकटची!

"सर, तुम्ही पण घेणार का गोळी?" मी विचारलं.

"मी गाईड आहे!"

* * *

माझा रूममेट पांडू चाकूरचा. त्याचे वडील मास्तर. गोळीचं कळल्यावर तणतणत आले. "माझ्या पोराला गुंगीचं औषध देऊन राहिले तुम्ही?"

सर शांतपणे म्हणाले, "भाग घेणाऱ्यांचा इंटर्नलच्या मार्कांत विचार होतो."

मास्तर खुर्चीवर टेकले. "मग... डबल डोस चालंल का?"

* * *

सकाळी गोळी, दुपारी त्याच सरांचं लेक्चर. अर्धा वर्ग घोरायला लागला. सरांनी पांडूला खडू फेकून मारला. "झोपा काढायला येता का इथं?"

"सर, सकाळी तुम्हीच दिली की गोळी."

"ती पांढऱ्या पेशींसाठी होती, तुझ्यासाठी नव्हती!"

* * *

मी गोळ्या घेत नव्हतो, माझ्याकडं मोजणी होती. रक्तात यीस्ट टाकायचं अन् मायक्रोस्कोपखाली बघायचं, किती पेशींनी ते गिळलं. गोळीवाल्यांच्या पेशी कमी खातील असं सरांनी आधीच ठरवून टाकलेलं. पण त्या तर मस्त खात होत्या!

"तू उपाशीपोटी मोजतोस," सर म्हणाले, "म्हणून तुला सगळ्यांनी खाल्लेलं दिसतं. जेवून ये, परत मोज."

असल्या लोकांनी आम्हाला डॉक्टर करायचं होतं.

* * *

आमच्या खोलीतला तिसरा, दत्ता, भूकंपाच्या गावचा. घरातले निम्मे ढिगाऱ्याखाली गेलेले. तेव्हापासून तो छताखाली झोपायचाच नाही. थंडी असो, डास असोत, गादी होस्टेलच्या गच्चीवर. गोळीनं लई झोप येते असं ऐकलं अन् त्यानं आपण होऊन नाव दिलं.

आणि झोपला की! आमच्याच खोलीत, स्लॅबखाली, डाराडूर. एसटीडी बूथवरून गावाकडं फोन लावला. "आई, मी खोलीत झोपून राहिलो! हाव, आतमधी!" फोन ठेवून त्यानं आम्हाला चहा पाजला.

प्रयोग संपला. सरांनी भर वर्गात सांगितलं, की निम्म्यांना खरी गोळी होती, निम्म्यांना तुलनेसाठी नुसती पिठाची. कुणाला कुठली, ते मुद्दाम सांगितलं नव्हतं. मग दत्ताकडं बोट दाखवून म्हणाले, "हा बघा आमचा कुंभकर्ण! पिठावर घोरत होता!"

वर्ग खदाखदा हसला. दत्ता पण हसला.

संध्याकाळी तो गादी गुंडाळत होता. मी म्हणालो, "अरे येड्या, इतके दिवस झोपलास की आत! गोळीशिवाय!"

त्यानं एकदा वर स्लॅबकडं बघितलं अन् गादी खांद्यावर घेतली.

"तवा माहीत न्हवतं ना."