सईच्या शेजारी कोण बसणार?

मैत्रिणींनो, जिंकलेली केस आज हातातून गेली.

ऑटिझम असलेल्या छोट्या सईला मी कोर्टात लढून शाळेत प्रवेश मिळवून दिला होता. आज दुपारी हिंजवडीच्या ऑफिसमधून तिच्या आईचा फोन आला.

"मॅडम, सईला शाळेतून काढतेय. डबा एकटीच खाते हो. मुलं म्हणतात, तिच्याजवळ बसायचं नाही असं आमच्या आईने सांगितलंय."

"अहो, आपण पुन्हा कोर्टात जाऊ."

"जाऊन काय मागायचं? शेजारी बसा, असा आदेश?"

फोन ठेवल्यावर मला माझी शाळा आठवली.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये पोलिओ झालेल्या लीनाचं दप्तर उचलायला आम्ही भांडायचो. तेव्हा अशा मुलांना प्रवेश द्यायला लावणारा कायदाही नव्हता.

आज घरच्या मुलांना एवढंच विचाराल का, तुमच्या वर्गात एकटं कोण बसतं?