शालीखालची पेटी

आमच्या वाडीत पाहुण्याच्या पायाला धूळ लागायची नाही, कारण सडामावशीने ती आधीच पाणी मारून बसवलेली असायची. तिचं खरं नाव रेशनकार्डाखेरीज कुणाच्या लक्षात नव्हतं. दारापासून रस्त्यापर्यंत सकाळ-संध्याकाळ सडा. "मानूस दारात आला अन् त्याचे पाय मळले, तर आपन कसलं घर चालवतो?" असं ती विचारायची, आणि उत्तराची वाट न बघता बादली उचलायची.

कान्हे स्टेशनवरून वाडीकडे येताना एक बंद भट्टी लागते. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवत. मालक निघून गेला, करड्या राखेचा ढीग तेवढा आम्हाला ठेवून गेला. वारा सुटला की राख वाडीवर. ढीग हलवायचा की नाही, हे हवेत शिसं किती आहे यावर ठरणार होतं. ते मोजायला सरकारी साहेबांनी एक पेटी आणली आणि मावशीच्या परसातल्या गोठ्याच्या स्लॅबवर बसवली. तिथे वीज होती आणि चहा चांगला मिळे.

पेटी हवा ओढून आतल्या कागदावर धूळ पकडायची. साहेबांनी हे समजावून सांगितलं, पण अर्धं इंग्रजीत. मावशीला एवढंच कळलं की वस्तू महागाची आहे. साहेबांची जीप वळली की ती पेटीवर जुनं लुगडं टाकायची, भोवती पाणी मारायची. ते यायच्या दिवशी लुगडं काढून पेटी पुसून ठेवायची. कागद दर वेळी लख्ख. चांगल्या निकालाची उलटतपासणी कुणी केली नाही. सरपंचांनी वेशीवर 'शुद्ध हवेचं गाव' अशी कमान उभारली, मुंबईकर प्लॉट बघायला येऊ लागले आणि पेटी सांभाळल्याबद्दल मावशीला शाल-श्रीफळ मिळालं. शाल तिने अंगावर घेतलीच नाही. लुगड्याच्या जागी ती पेटीवर गेली, कारण मान पेटीचा होता.

पुढे तिची नात सारखी पोट धरून बसू लागली. काल पाठ केलेलं तिला आज आठवेना. तळेगावच्या डॉक्टरांनी तिच्या रक्तात शिसं असल्याचं सांगितलं. मी शेजारी, म्हणून मावशी माझ्याकडे आली.

"भाऊ, हवा तर चांगली म्हनत्यात. मंग हे आलं कुटनं? ती पेटी करती तरी काय?"

मी सांगितलं, पेटी धूळ खाते. किती खाल्ली, ते साहेब मोजतात.

"म्हंजी मी तिचं तोंडच बांधून ठिवलं."

ढीग निरुपद्रवी असल्याचा ठराव ग्रामसभेत वाचला जात होता. साहेबही आले होते. मावशी उठली आणि शाल टेबलावर ठेवली.

"सायेब, ह्या शालीखाली झाकली हुती मी पेटी. कागद खोटा हाय. पुन्ना मोजा."

"मावशी, खाली बसा," सरपंच हसत म्हणाले. "मंग प्लॉट कोन घेनार?"

"म्हातारीनं गाव बुडवलं!" मागून कुणीतरी ओरडलं.

तिची मान खाली होती. "व्हय, बुडवलं. पन आज न्हाई. आदीच."

साहेबांनी पुन्हा मोजायचं ठरवलं. तेवढे दिवस मावशीने सडा बंद ठेवला. पाहुणे धुळीतून चालत येत, ती त्यांच्या पायांकडे बघायची नाही. कागद काळपट निघाला. साहेबांनी तो पुढे केला, पण तिने हात लावला नाही.

"एवढं माज्या पोरीनं गिळलं," म्हणाली.

ढीग ताडपत्री बांधलेल्या ट्रकांतून गेला. नंतर कुणी तिला शाबासकी देऊ लागलं की ती उठून आत जायची. सडा तिने पुन्हा कधी घातला नाही.

गेल्या थंडीत मावशी गेली. तेराव्याला पाहुणे येणार म्हणून आम्ही वाडीकरांनी तिचं अंगण झाडलं, सडा मारला आणि गोठ्यावर अजून हवा मोजत असलेली पेटी वाईट दिसते म्हणून तिच्यावर चादर टाकली. जेवणं चालू असताना नात शिडीने वर चढली आणि चादर ओढून खाली फेकली. पाहुण्यांना काही कळेना, ते वर बघत राहिले. आम्ही वाडीकर पानात बघत होतो.